पातीतला शनिवार

"खोटं! पान शेंड्यालाच वाढतं!" शंकोबा म्हणाला.

"मग ही रेघ वर कशी चढली? तिला काय पाय फुटले?" फूटपट्टीनं विचारलं.

सुट्टीतल्या गेल्या दोन आठवड्यांपासून ती रोज सकाळी आठ वाजता, बियाण्यांच्या कोठारामागच्या वाफ्यात, कांद्याच्या एका पातीवर अगदी बुंध्याशी शाईची रेघ ओढत होती. दिसेल ते मोजायची खोडच होती तिला. नाव काही उगीच पडलं नव्हतं. तिची आई कोठारात बियाणं निवडायला यायची. घरी धिंगाणा नको म्हणून ती आणि तिचा धाकटा भाऊ बाण, दोघंही डब्यासकट आईबरोबर यायची. यंदा मामेभाऊ शंकोबाही आला होता. त्याला सूर्य उगवला तरी शंका यायची!

"नवी पात खालून घुसते," फूटपट्टी म्हणाली. "कालची रेघ आणि बुंधा यांच्या मधे. म्हणून जुन्या रेघा वर सरकतात. दिवस पंधरा, रेघा पंधरा. मोज!"

शंकोबा मोजू लागला आणि मधेच थांबला.

"हे पांढरं काय गं?"

हिरव्या पातीवर दोन ठिकाणी, रोगट कातडीसारखे पांढरे पट्टे होते. एक पहिल्या-दुसऱ्या रेघेमधे, दुसरा आठव्या-नवव्या रेघेमधे. शेजारच्या पातींवरही तसेच पट्टे होते. बाणाला वाफ्यात दोन मेलेल्या मधमाश्या सापडल्या. मुंगी तर एकही दिसेना. वर भिंतीत पंख्याची जाळी होती, आणि तिचं तोंड थेट या वाफ्याकडे होतं.

ती जाळी कशाची, हे तिघांनाही ठाऊक होतं. दर रविवारी कोठार बंद असताना एक यंत्र दुपारी दोन वाजता दार आपोआप पाडायचं आणि आत कीड मारायचा विषारी वायू सोडायचं. रात्री पंखा तो बाहेर फेकायचा. दारावर कवटी काढून पाटीच लावली होती.

"वायूनं कोवळी पात भाजली," शंकोबा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

फूटपट्टी बोटांवर दिवस मोजत होती. तिचा चेहरा उतरला.

"पहिली रेघ शनिवारची, दुसरी रविवार सकाळची. पट्टा त्यांच्या मधे आहे. वायू रविवारी सुटत नाहीये. शनिवारी सुटतोय!"

"आज शनिवार आहे," बाण हळूच म्हणाला.

"पण शनिवारी दुपारी एक वाजताच कोठार बंद होतं!" शंकोबा म्हणाला.

"आज नाही! आज जादा काम आहे. आई पाचपर्यंत आत आहे!" फूटपट्टी म्हणाली.

दीड वाजला होता. तिघं दाराशी धावली. यंत्राच्या काचेवर तारीख होती एकोणीस.

"आज तर अठरा मे!" शंकोबा ओरडला. "हे एक दिवस पुढे कसं?"

फूटपट्टीच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. "एकोणतीस फेब्रुवारी! यंदा अठ्ठावीस फेब्रुवारी आणि एक मार्चच्या मधे एक दिवस घुसला. मिस्त्रीकाकांनी वर्षभराच्या रविवारच्या तारखा यात भरल्या, पण तो मधला दिवस काही यंत्राला कळला नाही!"

दारावरच्या इशाऱ्याच्या घंटेला पोतं गुंडाळलेलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "शनिवारी उगीच बोंबलते ती. पावणेदोनला सुरू होते, झोपेचं खोबरं! म्हणून मीच बांधलं."

अकरा शनिवार ती घंटा ओरडून सांगत होती!

व्यवस्थापक साहेब आतच होते. फूटपट्टीनं त्यांना सगळं सांगितलं, धाप लागेपर्यंत सांगितलं. साहेब हसले.

"कांद्याची पात आता मला कोठार चालवायला शिकवणार? यंत्र चुकत नसतं, बाळ. जा, खेळा बाहेर."

तेवढ्यात दारावर आवाज सुरू झाला. धप. धप. धप. पोत्यातल्या पोत्यात घंटा वाजत होती. आत नऊ जणी बियाणं निवडत गप्पा मारत होत्या. कुणाच्याही कानावर काही गेलं नाही.

"आता काय करायचं?" शंकोबाचा आवाज रडवेला झाला.

बाणानं छाती भरून श्वास घेतला. "साप! साप! पोत्यांत भला मोठा साप शिरला!"

एकच पळापळ! सगळ्यांत आधी कोण बाहेर आलं असेल? साहेब! त्यांची एक चप्पल आतच राहिली. मागोमाग बायका आल्या. फूटपट्टीनं मोजलं: आठ.

"आत्या कुठाय?" शंकोबा किंचाळला.

आई सापाला भिणारी नव्हती. ती काठी घेऊन थेट मागच्या थप्प्यांकडे गेली होती! दोनला दोन मिनिटं कमी होती. फूटपट्टी आत घुसली.

"आई! चल बाहेर!"

"थांब गं, दिसू दे तरी. कुठं शिरला?"

"साप नाहीये!"

"म्हणजे खोटं बोललात?" आईनं काठी खाली टेकवली. "कामाच्या वेळी असली थट्टा?"

"हो, खोटं बोललो! घरी गेल्यावर मार मला, पण आत्ता चल!" तिनं आईचा हात जिवाच्या आकांतानं ओढला. लेकीचे डोळे पाहिले आणि आई पळत सुटली.

त्या दोघी उंबरठ्याबाहेर पडल्या आणि पाठीमागे लोखंडी दार धाडकन पडलं. कुणी हातही लावला नव्हता. मग आतून हिस्स असा लांबलचक आवाज आला.

अंगणात आई खाली बसली. तिनं फूटपट्टीला घट्ट धरलं होतं. साहेब एका चपलेवर तसेच उभे होते.

सोमवारी पंखे लावून कोठार मोकळं केलं. मिस्त्रीनं मान खाली घालून तारीख नीट केली, घंटेवरचं पोतं काढलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिघांच्या पाठी थोपटल्या.

"शाब्बास! या पोरांनी नऊ जणींचा जीव वाचवला. चूक माझी होती. मी ऐकायला हवं होतं." मग ते दाराकडे हात करून म्हणाले, "आता काही भीती नाही. या आत."

एकही बाई हलली नाही. त्यांतली सर्वांत वयस्कर मावशी फूटपट्टीकडे वळली.

"तू सांग गं पोरी. जाऊ का आम्ही?"

फूटपट्टीनं जाळीकडे पाहिलं, यंत्रावरची तारीख दोनदा वाचली. मग ती साहेबांना म्हणाली, "आधी तुम्ही आत जाऊन दहा मिनिटं बसा. मी मोजते."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आत जाऊन बसले.