माझ्या मागच्या मधमाश्या

"ह्या तुमच्यासोबत आहेत काय? असतील तर त्यांचंही तिकीट काढतो."

सिंदखेडराजाहून सुटलेल्या एसटीत शेजारच्या सीटवरचा माणूस विचारत होता, आणि बघत होता माझ्या हातांभोवती फिरणाऱ्या सहा-सात मधमाश्यांकडे. मी हात ओढणीत गुंडाळले. लाजेनं कान तापले होते माझे.

"हसता काऊन? रोग आहे तो," मी म्हटलं. "साबण लावला, राख चोळली, चामडीचा डॉक्टर केला... जातच नाहीत."

"चावतात?"

"नाही. नुसत्या येतात."

"मग शहाण्या आहेत बिचाऱ्या," तो म्हणाला, आणि पिशवीतून स्टेथोस्कोप काढून – खरं सांगते – एका माशीजवळ धरून ऐकू लागला. सगळी बस बघत होती. "दुसरबीडले उतरा. मी असल्याच रोगांचा डॉक्टर आहे."

येडंच दिसतं हे, असं मनात म्हणत मी उतरले. काय करू, डोळे फार चांगले होते त्याचे.

दवाखान्यावर पाटी होती – डॉ. हर्षल महादेवराव सांगळे. ती वाचली आणि मी उंबऱ्यातच थांबले.

ह्याच महादेवराव सांगळ्यांच्या बीजप्लॉटवर मी गेल्या साली कामाला होते. बीटी कपाशीचं बी करायचं म्हणजे दुपारी कळीतला नर, म्हणजे पुंकेसर, काढायचा, सकाळी त्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं, आणि खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. माझा हात सगळ्यांत चपळ, असं मी मिरवायची. एका दुपारी बायांशी पैज लावली, आणि पुढं निघायच्या नादात दोन ओळींतले नर काढलेच नाहीत. सकाळी नुसते दोरे बांधत सुटले. पुढं बी तपासणीत नापास झालं, अख्खा प्लॉट वाया गेला. आळ आला सोबत काम करणाऱ्या अन्नपूर्णामावशीवर, कारण त्यांना कमी दिसतं. महादेवरावांनी त्यांना कामावरून काढलं. मी तिथंच उभी होते, गप्प. त्याच संध्याकाळी पहिली माशी आली.

आणि आता त्यांचाच पोरगा माझा हात हातात घेऊन बसला होता.

"संजीवनी, हा लपवायचा रोग आहे," तो म्हणाला. "ज्याले सांगायचं त्याले सांगितलं की जाते. कोणाले सांगायचं आहे?"

"मले काय माहीत," मी म्हणाले. आठवी माशी आली.

दर मंगळवारी मी जाऊ लागले. तिथं एकेक पेशंट असे! पुंजाजीची सावली लंगडायची. दयाराम शिंकला की बापाचा आवाज यायचा. त्याला औषध काय, तर जेवणाआधी आईच्या दोन शिव्या. मी हसायची, आणि हर्षल माझ्याकडे बघत राहायचा. नाडी धरली की सोडायचाच नाही.

"सापडत नाही काय?" मी विचारायची.

"सापडली कधीच. सोडवत नाही."

घरी जाताना मला रडू यायचं. एवढं चांगलं बोलतो, आणि मी कोण आहे हे त्याला ठाऊकच नाही! सांगितलं तर माश्या जातील, पण तोही जाईल. मला माश्या परवडत होत्या.

सहाव्या मंगळवारी तो म्हणाला, "बरी झालीस तरी येत जा. तू आली नाहीस तर... मंगळवार जाणार नाही मले."

मग माझ्यानं राहवलं नाही.

"तुमच्या प्लॉटचं बी मी बिघडवलं," मी म्हणाले. "मावशीनं नाही. मी."

त्यानं हात सोडला.

"बाबांनी मले विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "मावशीले दिसत नाही, काढून टाका, असं मीच सांगितलं. डॉक्टर ना मी... जा आता."

माश्या हलल्या नव्हत्या; मी थेट मावशींच्या घरी गेले. त्या डाळ निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"पहिले मले वाटे, मी नाही चुकली," त्या म्हणाल्या. "मंग समदे म्हणत राह्यले, तं मलेच वाटू लागलं, चुकलीच असंन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात धरून प्लॉटवर गेले, आणि सगळ्या बायांसमोर, महादेवरावांसमोर पुन्हा सांगितलं. ते मावशींना हात जोडून आत घेऊन गेले. मला म्हणाले, "तू ह्या वावरात पाय ठेवू नको." बरोबरच होतं. माश्या कधी निघून गेल्या, कळलंही नाही.

रस्त्यावर आले, तर हर्षल गाडी लावून उभा होता.

"मावशीची माफी मागायले आलो," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तुझा राग आलाय मले. फार."

"यायलाच पाहिजे."

"लवकर जाईल असं वाटत नाही. लग्नानंतरही... वर्ष-दीड वर्ष राहील."

माझी मान खाली गेली ती वर येईना. त्याच्या चपलेवरची धूळ तेवढी दिसत होती.

"राहू द्या," मी म्हणाले. "चालते मले."