चौथा ट्रे

ओला कचरा यापुढे ज्याचा त्यानं घरातच जिरवावा, अशी नोटीस आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लागली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या बायकोला झाला. छत्तीस वर्षं तिनं शाळेत भूमिती शिकवली. निवृत्तीनंतरही तिला सोडवायला काहीतरी लागायचं, आणि मी तिच्या मते केव्हाच सुटलेलं उदाहरण होतो.

मी विमा कंपनीचा सर्वेअर होतो. जळलेली गोदामं, बुडालेली दुकानं, उलटलेले ट्रक बघायचे आणि काय झालं असेल ते सांगायचं. मागे काय उरलंय त्यावरून आधी काय घडलं हे ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मत माझंच आहे. पण ते आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण या प्रकरणात सर्वे मीच केला.

तिनं आधी कागदावर तक्ता आखला. आडव्या ओळींत खताच्या तीन पद्धती. उभ्या रकान्यांत वास, जागा, मेहनत, आणि शेवटचा रकाना ‘ह्यांच्याकडून होईल का’. त्या रकान्यात तिन्ही ठिकाणी फुली होती.

“मडकी घेऊ,” मी म्हटलं. एकावर एक ठेवायची तीन मडकी मिळत होती. “निदान त्यांत कोणी राहत नाही.”

“मडक्यातलं रोज खालीवर करावं लागतं. कोण करणार?”

“मग ती घट्ट झाकणाची बादली?”

“ती आठवडाभर उघडायची नसते. तुम्ही दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडता, आत कोणी नवीन आलंय का बघायला.”

“आणि गांडुळं मेली तर?”

“तर तुम्ही आहातच की, कशानं मेली ते सांगायला.”

अशा रीतीनं दोघांच्या विचारानं गांडुळांची पेटी ठरली.

नर्सरीवाल्यानं ती स्वतः आणून गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला मांडली. खाली नळ असलेला तळ. त्यावर काळ्या प्लॅस्टिकचे, जाळीच्या बुडाचे ट्रे. “एक भरला की त्यावर दुसरा ठेवायचा,” तो म्हणाला. “जेवण वर असलं की गांडुळं वर चढतात. खाली राहतं ते खत. लिंबू नको, कांदा नको, तेलकट नको. आणि सारखं उघडून बघू नका काका, त्यांनाही संसार आहे.”

“ट्रे तीनच?” बायकोनं विचारलं.

“तीनच. चौथा कंपनी काढतच नाही. तीनांत भागतं.”

तिनं पांढऱ्या रंगाच्या पेननं ट्रेवर क, ख, ग घातलं. तिचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं अक्षर. काना पट्टी लावल्यासारखा उभा आणि शिरोरेघ दोन्ही टोकांना जेवढ्यास तेवढी.

गांडुळांच्या अंथरुणाला कागद लागतो. ती रोज आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घ्यायची, स्टीलची पट्टी ठेवायची आणि बोटभर रुंदीच्या सरळ पट्ट्या कापायची. मी एकदा मदत म्हणून हातानं कागद फाडला. “हे उंदरांनी केलंय का?” असं विचारून तिनं मला त्या कामातून मुक्त केलं.

वर्तमानपत्राचं शेवटचं पान मात्र शब्दकोडं सुटल्याशिवाय कापलं जात नसे. रोज सकाळी, निळ्या बॉलपेननं, एकही घर रिकामं न ठेवता. डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तिनं मला दवाखान्यात कोड्यातले सूचक वाचायला लावले होते. बाकी घरातून पेटीत जायचं ते तिच्या कॉफीचा चोथा, माझ्या चहाची पत्ती आणि आल्याची सालं. चहात आलं असल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. कॉफीला मी जळका वास म्हणतो, आणि जळका वास मला चांगला कळतो.

दहा आठवडे गेले. पेटीला कान लावला की आत फार हलका आवाज यायचा, कोणीतरी कागदावरून हात फिरवत असल्यासारखा. वास मातीचा. शेजारच्यांच्या बादलीबद्दल जे ऐकू येत होतं, त्या मानानं आम्ही सुखात होतो.

खत काढायचा दिवस आला. सकाळचे नऊ वाजले होते आणि गॅलरीत ऊन होतं. मी झाकण उचललं.

सगळी गांडुळं झाकणाला होती. झाकणाच्या आतल्या बाजूला, एकमेकांत गुंतून, हाताच्या पंजाएवढा जाड थर. खाली ताजी केळ्याची सालं पडली होती, त्यांना कोणी तोंडही लावलं नव्हतं.

“वर का आली सगळी?” ती म्हणाली.

“काहीतरी नको झालंय त्यांना खाली.”

ग उचलून बाजूला ठेवला. ख ठेवला. क ठेवला. आता खाली तळ आणि नळ दिसायला हवा होता.

खाली आणखी एक ट्रे होता.

मी तीन बाजूला काढलेले पुन्हा मोजले. तीन मोजायला वेळ लागत नाही, पण मी लावला. मग उकिडवा बसून त्या ट्रेची कड पुसली. पांढऱ्या रंगात ‘घ’ लिहिलेलं होतं.

“हा कधी आणलास?”

“मी नाही आणला.”

“अगं, अक्षर तुझं आहे.”

तिनं चष्मा लावला. वाकून बराच वेळ पाहिलं. “माझ्यासारखं आहे,” ती म्हणाली.

सगळ्यात खालचा ट्रे म्हणजे सगळ्यात जुना, त्यात काळं भुसभुशीत खत असायला हवं. यातला माल चार दिवसांचाही नव्हता. अंड्याचं एक कवच, त्यावर पांढरं अजून ओलं. कॉफीचा चोथा, भरपूर. बोटभर रुंदीच्या सरळ पट्ट्या. हात घातला तर आत उबदार लागलं. गांडूळ एकही नाही.

मग मी त्यातली एक पट्टी उचलली. शब्दकोड्याचा तुकडा होता. वर छापलं होतं, क्रमांक ४२०२.

त्या दिवशीचं कोडं तिच्या खुर्चीवर पडलेलं होतं, अर्धं सुटलेलं. मी आत जाऊन बघून आलो. क्रमांक ४११२.

“नव्वद दिवस पुढचं,” मी म्हटलं.

तिनं पट्टी हातातून घेतली. घरं कोरी होती. फक्त एका ओळीत लागून दोन घरं निळ्या शाईनं भरलेली, ओलीनं शाई फुटून अक्षरं गेलेली.

चौतीस वर्षांची सवय. मी सर्वे केला. “अंडं एक. म्हणजे माणूस एक. चहाची पत्ती नाही. आलं नाही. कॉफी आहे, पट्टीनं कापलेला कागद आहे, तुझं अक्षर आहे. आणि कोडं सोडवलेलं नाही, म्हणजे तुझं मन थाऱ्यावर नाही.” मी थांबलो. “म्हणजे मी नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना तसं बघायची.

“पायऱ्या बरोबर आहेत,” ती म्हणाली. आणि पट्टी परत ट्रेत ठेवली. “होतं तसं लावून टाका सगळं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सगळं उपसलं. ग, ख, क, तळ. चौथा ट्रे नव्हता. गांडुळं खाली गेली होती आणि केळं संपलं होतं.

मी नर्सरीवाल्याला फोन केला. “तीनच असतात हो काका,” तो म्हणाला. “नीट मोजलेत ना?”

“माझी बायको गणिताची शिक्षिका आहे.”

“मग त्यांना मोजू द्या.”

डॉक्टरांकडे जाऊन मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळ्या उत्तम निघाल्या, त्यामुळे आणखीच धसका बसला. तिची तपासणी करावी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मरणार मी होतो. त्या कोऱ्या घरांचं मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. चाळीस वर्षांत एकही घर रिकामं न सोडणारी बाई माझ्यापायी सगळं कोडं सोडून देणार होती.

मी एक वही केली. माझ्यानंतर तिला लागेल ते सगळं त्यात लिहायला घेतलं. कुठली किल्ली कशाची, गीझर बिघडला तर कोणाला बोलवायचं, बँकेतल्या कुठल्या माणसाला विचारायचं आणि कुठल्याला अजिबात नाही. रोज एक पान.

तिचं वेगळंच सुरू झालं.

“इकडे या. कॉफी बघा कशी करतात.”

“मला कशाला?”

“बघून ठेवा.”

मग पट्टी. माझ्या बोटांवर बोटं ठेवून ती शिकवायची. “अशी दाबून धरायची. कागद ओढायचा नाही, ब्लेड ओढायचं. उंदीर नका होऊ.” मला वाटलं, माझ्या हातचं काहीतरी तिला मागे ठेवून घ्यायचंय. मी मन लावून शिकलो.

तो ट्रे दिसल्यापासून एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ती गॅलरीत कोडं घेऊन बसली होती. मी आत टेबलाशी वही लिहीत होतो. पाण्याचा मुख्य कॉक कसा बंद करायचा, त्याची आकृती काढत होतो.

“अहो, आडवा सात काय असेल?”

“थांब जरा. तुझंच लिहितोय.”

आकृतीला बाण काढला. खाली ‘डावीकडे फिरवणे’ असं लिहिलं. मग मान वर केली.

पेन जमिनीवर पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. मी मान हलवली. तिला काय काय कळलं होतं, ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मुलगी येऊन राहिली, गेली. रोज फोन करून “बाबा, जेवलात का?” विचारते. मी “हो” म्हणतो. घरात सकाळी कॉफीचा वास येईनासा झाला, तेव्हा मला उठवेना. म्हणून तिच्या भांड्यात, तिनं दाखवली तशी कॉफी करायला लागलो. एकट्यासाठी दोन प्रकार कोण करणार? चहा सुटला. कागद पट्टीनं कापायला लागलो, कारण हातानं फाडला की तिचा प्रश्न ऐकू यायचा. पेटी चालू ठेवली. ती तिची निवड होती.

हे सगळं करताना मला काहीच दिसलं नाही. सर्वेअर होतो मी.

गेल्या आठवड्यात तिन्ही ट्रे भरले. दारात नर्सरीवाला उभा. हातात काळ्या प्लॅस्टिकचा ट्रे.

“काका, कंपनीनं आता चौथा काढलाय. म्हटलं, काकूंनी विचारलं होतं.”

मी तो घेतला. ड्रॉवरमधून पांढरं पेन काढलं. तिच्या क-ख-गच्या ओळीत शोभायला हवा, म्हणून जीव लावून ‘घ’ काढला. शिरोरेघ जेवढ्यास तेवढी. लांब धरून पाहिला.

तिच्यासारखा आला होता.

मी गॅलरीतच खाली बसलो. अंडं एक. कॉफी. पट्ट्या. कोरं कोडं. कोडी मला कधी सुटली नाहीत. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी पेपर आला. घट्ट गुंडाळलेला, रबर लावलेला. रबर मीच काढलं. शेवटचं पान उलगडलं.

क्रमांक ४२०२.

आडवा सात भरलेला होता.

दोन घरं. निळी शाई. बाकी सगळी कोरी. सूचक होता, ‘सकाळी उकळून पितात’.

तिथे लिहिलं होतं, ‘चहा’.

काना उभा. शिरोरेघ जेवढ्यास तेवढी. हे तिच्यासारखं नव्हतं. हे तिचं होतं.

मी बोट लावलं. शाई ओली होती. बोटाला लागली.

उठून स्वयंपाकघरात गेलो. चहाचा डबा उघडला. तळाला पत्तीचा दाणाही नव्हता. आलं कधीच सुकून गेलं होतं, ते मीच फेकलं होतं. दुकानं उघडायला तासभर होता. मी ओट्याशी उभा राहिलो, आणि हात आपोआप चालले. कॉफी झाली. चोथा ‘घ’मध्ये गेला. अंडं एकच होतं, ते फोडलं. पट्टी दाबून धरली, ब्लेड ओढलं, कोड्याच्या पट्ट्या केल्या. आडवा सात दुमडू न देता वर ठेवला.

मग ‘घ’ पेटीत ठेवायला झाकण उचललं. सगळी गांडुळं झाकणाला होती.

दुपारी चहा आणला, आलंही आणलं. आता रोज करतो, पितो.

बोटावरची शाई साबणानं गेली नाही. आज तिसरा दिवस आहे. अजून ओलीच आहे.