धुक्यातला सोळावा दिवस

धुकं इतकं दाट होतं की धक्क्यावर उभं राहूनही खाडीचं पाणी दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता. बांधलेल्या बोटीच्या कडेला पाणी हळूहळू आपटत होतं.

"खंडूदादा, फेरी कधी सुटणार?" चेतनानं तिसऱ्यांदा विचारलं.

खंडू तिकिटांच्या खिडकीत मफलर गुंडाळून बसला होता. "टीचर, समोरचं गोराई दिसू दे तरी! असंच सोडलं तर बोट वसईला जाऊन लागेल."

रांगेतले सगळे हसले. चेतनाला मात्र हसू आलं नाही. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आठला शाळा भरायची आणि साडेआठला मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई शिक्षकांच्या मस्टरवर लाल रेघ ओढायच्या. लाल रेघ म्हणजे गैरहजर.

चेतनानं डी.एड. केलं ते एका शिक्षण न्यासाच्या कर्जावर. पालिकेच्या ज्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तिथं सलग पाच वर्षं शिकवलं की सगळं कर्ज माफ. पण एका वर्षात पंधरापेक्षा जास्त दिवस बुडाले की ते वर्ष बाद, आणि एक वर्ष बाद झालं की पावणेतीन लाख रुपये व्याजासकट परत. जामीन होती तिची आई. पालिकेच्या प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं आया म्हणून राबलेली, दोन वर्षांनी निवृत्त होणारी आई.

हे पाचवं वर्ष होतं. दिवाळीनंतर आईचं ऑपरेशन झालं आणि पंधराच्या पंधरा दिवस तिथंच संपले. अजून जानेवारीच चालू होता.

"रस्त्यानं गेलं तर?" शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. मोटरसायकल घेऊन फेरीसाठी थांबलेला एक तरुण. केसांवर धुक्याचे बारीक थेंब... आणि डोळे मात्र अगदी शांत.

"भाईंदर, उत्तन करून मलाही गोराईलाच जायचंय. येत असाल तर... म्हणजे, तुम्ही फार घाबरलेल्या दिसताय."

"मी अनोळखी माणसाच्या गाडीवर बसत नाही."

"बरोबर आहे. मी यज्ञेश परुळेकर. आता थोडा कमी अनोळखी."

चेतनानं घड्याळ पाहिलं. सात-बारा. तिनं खंडूकडे पाहिलं. खंडू तिच्या मनातलं ओळखून खिडकीतून बाहेर आला, गाडीची नंबरप्लेट मफलरनं पुसली आणि तिकिटांच्या वहीत नंबर लिहून घेतला. वर वेळ लिहिली. खाली लिहिलं: 'टीचर या गाडीवर गेल्या.'

"ए भाऊ," तो म्हणाला, "नंबर माझ्याकडे आहे हां. टीचरला नीट पोचव. आमची पोरं वाट बघतात तिची."

यज्ञेशनं आपलं हेल्मेट तिच्या हातात दिलं.

रस्ता दहा पावलांपुढे दिसत नव्हता. समोरून अचानक ट्रकचे दिवे उगवायचे आणि चेतना मागची दांडी घट्ट धरायची. भीती वाटली की ती बोलत सुटायची, हा तिचा जुना स्वभाव. उत्तन येईपर्यंत कर्ज, आई, पंधरा दिवस, लाल रेघ... सगळं सांगून झालं.

"आणि दर वर्षी न्यासाचा एक माणूस येतो पडताळणीला," ती म्हणाली. "चेहरा असा, जसं काही मी त्याच्याच खिशातले पैसे नेलेत! या वर्षी नवीन येणार आहे म्हणे."

"तो कसा असेल?"

"खडूस. दुसरं काय!"

"आणि दिसायला?"

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

"सहज विचारलं," तो म्हणाला. वाऱ्यात त्याचं हसू तिला नीट ऐकू आलं नाही.

शाळेच्या फाटकात ते पोचले तेव्हा नऊ वाजत आले होते. मस्टरवर तिच्या नावापुढे लाल रेघ ओढलेली होती. शाई अजून ओली वाटत होती. चेतना नुसती बघत राहिली.

"मी यज्ञेश परुळेकर," तिच्या मागून आवाज आला. "शिक्षण न्यासाकडून आलोय. वार्षिक पडताळणीसाठी."

चेतनाला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"सांगितलं का नाहीत?" रत्नप्रभाबाई फाईल आणायला आत गेल्यावर ती कुजबुजली.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडीवर बसला नसतात."

"मग आता... काय लिहिणार?"

"जे पाहिलं ते. सात-दहाला तुम्ही धक्क्यावर होता. फेरी बंद होती. मी साक्षीदार आहे. तो दिवस माफ करायचा की नाही, ते न्यासाची समिती एप्रिलमध्ये ठरवेल." मग तो हळूच म्हणाला, "खडूसपणा माझ्या हातात नाही. समितीच्या हातात आहे."

एप्रिलपर्यंत! म्हणजे तीन महिने रोज सकाळी ती भीती घेऊन उठायचं.

प्रकरण समितीपुढे गेल्यामुळे आता नियमाप्रमाणे महिन्यातून एकदा तो येऊ लागला. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची, कारण चौथीला शिक्षकच नव्हता. मागच्या बाकावर तो गुडघे दुमडून बसायचा आणि मुलं त्याला शार्पनर मागायची. त्याचं लक्ष फाईलपेक्षा फळ्याकडे जास्त असायचं... निदान चेतनाला तसं वाटायचं. त्याची बोट संध्याकाळी साडेपाचची. ती पकडायला दोघं धक्क्यापर्यंत बरोबर चालत जायची. ती एकदा हसली की तो काय सांगत होता तेच विसरायचा. पुढे कधीतरी 'तुम्ही' मागे पडलं आणि दोघांपैकी कुणी ते परत उचललं नाही.

मार्चमध्ये एकदा ती हातच्याची वजाबाकी शिकवत होती. बत्तीसमधून सतरा. "दोनातून सात जात नाहीत. मग शेजारच्या दशकाकडे जायचं आणि एक दशक मागून घ्यायचा."

तिसरीतल्या मेल्विननं हात वर केला. "टीचर, तो परत कधी द्यायचा?"

"परत नाही द्यायचा."

"मग शेजारी रागवत नाही?"

घाईनं उत्तर देण्याजोगा तो प्रश्न नव्हता. "नाही रे. शेजाऱ्यानं तो दिला, म्हणून गणित सुटलं. गणित सुटलं की झालं त्याचं काम."

मागच्या बाकावर यज्ञेशचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. ती खडू शोधू लागली, खडू हातातच होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो शेवटचा फॉर्म घेऊन आला. मुलं घरी गेली होती. व्हरांड्यात चिंचेची सावली पसरली होती. त्यानं फॉर्म बाकावर ठेवला, पण पेन उघडलं नाही.

"काय झालं?" चेतनानं विचारलं. "समितीनं नाही म्हटलं?"

"समिती हो म्हणेल. माझी साक्ष आहे ना. फक्त सही राहिलीय."

"मग कर ना सही!"

"हा रकाना बघ." त्यानं बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'पडताळणी करणाऱ्याचं शिक्षिकेशी नातं'. "फेब्रुवारीत मी 'काही नाही' लिहिलं. ते खरं होतं. मार्चमध्येही लिहिलं, तेव्हा हात अडखळला. आज... आज लिहवत नाही, चेतना."

दूर खाडीवर बोटीचा भोंगा वाजला.

"नातं आहे असं लिहिलं तर?"

"दुसरा माणूस येईल. माझी साक्ष बाद होईल. तो नव्यानं तपासेल आणि मस्टरवर त्याला लाल रेघ दिसेल."

"आणि आज सही करून जूनमध्ये... म्हणजे, सगळं झाल्यावर..."

"थांबायला मी तयार आहे गं. पण सही आजची, आणि आजच ती खोटी ठरेल." तो फॉर्मकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडून काही नसेल, तर सांग. एकट्याच्या मनासाठी या फॉर्मात रकाना नाही. मी 'काही नाही' लिहीन, सही करीन आणि पुन्हा इकडे येणार नाही. शप्पथ."

चेतना बाकावर बसली. आईचे साबणानं फाटलेले हात तिला दिसले. सव्वीस वर्षांची पुंजी दिसली. दोन शब्द लिहिले की ती भीती आज, आत्ता संपणार होती. फक्त दोन शब्द.

पण याच व्हरांड्यात ती रोज मुलांना सांगायची, चुकलं तरी चालेल, दुसऱ्याचं बघून लिहायचं नाही. आपलं लिहायचं.

तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं. अक्षर फळ्यावरच्यासारखंच गोल आलं: 'अजून ठरायचं आहे. पण नाही, असं लिहिता येत नाही.'

यज्ञेशनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"शुद्धलेखन तपासतोयस?" ती डोळे पुसत म्हणाली.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. आई गवार निवडत होती. "घाबरलीस?"

"खूप. अजून घाबरलेय."

"पैसे माझे जातील, तू कशाला घाबरतेस?" शेंग मोडत आई म्हणाली. "पोरगा जेवायला काय खातो, ते विचार."

मे महिन्यात न्यासाचे दुसरे गृहस्थ आले, भाऊराव. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. त्यांनी मस्टर पाहिलं आणि लाल रेघेवर बोट टेकवलं. "परुळेकरांची साक्ष मला धरता येत नाही. दुसरा पुरावा?"

"पलीकडच्या धक्क्यावर विचारून बघा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. मागल्या पावली भाऊराव बोटीनं पलीकडे गेले, चेतना त्यांच्या मागोमाग. खिडकीत वाकून त्यांनी विचारलं, "जानेवारीत धुक्यामुळे फेरी बंद होती, तो दिवस आठवतो का तुम्हाला?"

"आठवायला कशाला पाहिजे?" खंडूनं खालच्या फळीवरून जानेवारीची वही काढली. "लिहिलंय ना मी! टीचरला कुणा परक्याच्या गाडीवर एकटी सोडायची म्हणजे काय... माझा जीव टांगणीला लागला होता, साहेब."

तारीख. सात-पंधरा. गाडीचा नंबर. खाली वाकडंतिकडं अक्षर: 'टीचर या गाडीवर गेल्या.'

भाऊरावांनी चष्मा काढून पुसला. "या पानाचा फोटो घेतो," एवढंच ते म्हणाले.

पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. सोळावा दिवस माफ. पाच वर्षं पूर्ण. कर्ज संपलं. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि देव्हाऱ्याशेजारी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नीट ठेवलं.

शाळा उघडली त्या सकाळी चेतना नेहमीसारखी सात-दहाला धक्क्यावर आली. यज्ञेश कठड्याला टेकून उभा होता. आज हातात फाईल नव्हती.

"आज कसली पडताळणी?" तिनं विचारलं.

"ते अजून ठरायचंय म्हणाली होतीस... त्याचीच."

तिनं खाडीकडे पाहिलं. पलीकडचं गोराई आज स्वच्छ दिसत होतं. "चौथीला अजूनही शिक्षक नाही. मेल्विनचा वर्ग मी सोडणार नाहीये. कर्ज असो नसो."

"मी कुठं सोड म्हणतोय?"

"आणि मला अजूनही प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. तुझीही."

"मला तुझी वाटते," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

बोटीचा भोंगा वाजला. खिडकीतून खंडू ओरडला, "टीचर, दोन तिकिटं फाडू की एक?"

चेतनानं यज्ञेशचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच बोटीच्या फळीवर नेलं. "दोन!" ती मागे वळून ओरडली, मग यज्ञेशला म्हणाली, "आणि तू चल रे लवकर. साडेआठला बाई लाल रेघ ओढतात!"