तिजोरीवाल्याची घरगाडी

ही गोष्ट १९८३ सालची. आमच्या घरात ती कुणी मोठ्याने सांगत नसे. पाहुण्यांनी चुकून प्रवासाचा विषय काढला, तर आमचे हे पाणी प्यायच्या निमित्ताने उठत, आणि मी घाईघाईने हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागे.

निघालो होतो ते वन्संसाठी. यांची ही धाकटी बहीण शाळेच्या पुस्तकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढी. गुलाबी पंखांचा रोहित पक्षी त्यांनी कितीदा रंगवला असेल, पण घरट्यावर बसलेला कधी पाहिला नव्हता. मिठाच्या पठारापलीकडे, एका उथळ सरोवरात, हे पक्षी चिखलाची घरटी बांधतात असं त्यांना कळलं. वाटेत ना गाव, ना विहीर.

"दादा, एकदा नेशील?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दादा पेटला!

यांचा धंदा तिजोऱ्या बनवण्याचा. एक जुनी मिनीबस आणून यांनी कारखान्यामागच्या अंगणात तिची घरगाडी केली. झोपायला फळ्या, मध्ये कोळशाची शेगडी, भांड्यांचं कपाट, पाण्याची पिंपं. खिडक्यांना गज. ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये पोलादी पत्रा. कुणी पुढची काच फोडली तरी आमच्यापर्यंत पोचू नये म्हणून. मागे एकच दार, आणि तेही तिजोरीचं! किल्ली फिरवली की वर, खाली आणि बाजूला जाडजूड अडसर चौकटीत घुसत. किल्ली एकच, यांच्या गळ्यात.

"दादा, आम्ही माणसं आहोत की दागिने?" वन्संनी विचारलं.

"उघड्यावर रात्र काढायची म्हणजे थट्टा नाही. चोर आला की मलाच हाका मारशील."

"चोराला तुझ्या गाडीत शिरायचं असेल तर बिचारा आधी तुझ्याकडे कामाला राहील."

वन्सं हसल्या. मी मात्र शेजारणींना बोलावून बोलावून ते दार दाखवलं होतं.

पठारावरच्या दुसऱ्या संध्याकाळी एक खडकाळ उंचवटा लागला. तिथे चुलीचे दगड होते, जुनी राख होती.

"इथेच थांबू," वन्सं म्हणाल्या. "जमीन घट्ट आहे."

"राख दिसत नाही का? इथे लोक येतात. म्हणजे वाईट लोकही येत असणार."

यांनी गाडी पुढे काढली, थेट उघड्या पांढऱ्या पठारावर. चहूकडे नजर पोचेल तिथवर मीठ, मावळतीच्या उजेडात निळसर पडत चाललेलं, आणि माणसाचा मागमूस नाही. हे खूश! "कोण येतंय ते इथून मैलभर आधी दिसेल," म्हणाले. चाकांखाली काय आहे ते कुणीच पाहिलं नाही.

थंडी मरणाची होती. शेगडीत निखारे ठेवून, छतातली छोटी जाळी उघडी आहे ना हे दोनदा पाहून आम्ही आडवे झालो.

मध्यरात्री जाग आली ती खरखरीने. कुणीतरी गाडी घासत होतं!

"चोर!" हे कुजबुजले. "हलू नका दोघी." टॉर्च घेऊन बाहेर गेले. दार मिटलं. पाठोपाठ तो ओळखीचा आवाज आला, अडसर बसल्याचा.

बाहेर टॉर्च चमकला. चोर कसला! एक रानगाढव चाकावरचं मीठ चाटत होतं. हे ओरडले, गाढव उधळलं, आणि त्याच क्षणी आमच्या खाली काहीतरी कडाडलं.

मिठाचा पापुद्रा फुटला होता! मागचं डावं चाक चिखलात गेलं. गाडी कलंडली. शेगडी उलटली. निखारे गादीवर!

"वहिनी, पाणी!"

पिंप आडवं केलं. दुसरं केलं. ज्वाळा विझल्या, पण गादीतला कापूस आतून धुमसतच राहिला. धुराने डोळे फुटायची वेळ आली. आम्ही खिडकी उघडून गजांना तोंडं लावली.

बाहेर किल्ली खडखडत होती. "फिरत नाही! चौकट पिळलीय, अडसर अडकलेत!"

"अहो, धक्का द्या!"

"तिजोरी धक्क्याने उघडत नाही!" हेच वाक्य आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐटीत ऐकवलेला माणूस आता ते रडत ओरडत होता.

"दादा, रडणं नंतर!" वन्सं खोकत म्हणाल्या. "काय करायचं ते सांग."

"हा कोपरा उचलायला हवा. जॅक..."

"कुठे आहे?"

हे खिडकीपाशी आले.

"तुझ्या फळीखाली. चोरीला जाईल म्हणून आत ठेवला."

मी धुरात वाकून चाचपला. सापडला! गजांतून जाईना. उभा धरला, आडवा धरला. शेवटी तिरका करून ढकलला तेव्हा सुटला. जॅक मऊ चिखलात रुतू नये म्हणून खाली फळ्या हव्या होत्या. वन्संनी लाथा मारमारून कपाटाच्या फळ्या उखडल्या आणि एकेक करून बाहेर दिल्या. पहिली चिखलाने गिळली. दुसरी टिकली.

"भार हलका करा! दोघी समोरच्या कोपऱ्यात जा!"

म्हणजे खिडकी सोडायची. धुरात जायचं!

ओले पदर तोंडावर धरून आम्ही चढावर सरपटलो. वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. काही दिसेना. छाती फुटेलसं झालं. जॅक करकरला. थांबला. पुन्हा करकरला. मग किल्लीचा आवाज! एक, दोन प्रयत्न फुकट गेले... आणि दार उघडलं.

आम्ही बाहेर मिठावर कोसळलो. बऱ्याच वेळाने बोलता आलं तेव्हा मी विचारलं, "अहो, कुलूप का लावलंत?"

हे आमच्याकडे न बघता म्हणाले, "मी नाही लावलं. हाताने लावलं. दार ओढलं की हात किल्ली फिरवतो. इतक्या वर्षांची सवय."

"आम्ही आत होतो."

"हो."



उजाडल्यावर क्षितिजापाशी एक बारीक गुलाबी रेघ दिसली. वन्सं तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. हे मागून म्हणाले, "तू म्हणालीस तर अजूनही जाऊ."

"पाणी आग विझवण्यात संपलं, दादा. एक कॅन उरलाय. फिरव गाडी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. यांना तेच सोसवलं नाही. चाकाखाली उरलेल्या फळ्या सरकवून, आलो त्याच चाकोरीतून मागे जात आम्ही घट्ट जमिनीवर आलो. ती रात्र खडकाळ उंचवट्यावर काढली. दार उघडं होतं. हे बाहेर पायरीवर बसून राहिले. मी दोनदा आत बोलावलं.

"मला तुम्हा दोघींसमोर झोपायची लाज वाटते," म्हणाले.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, "काय मग, दार कामाला आलं का?" मी हो म्हटलं आणि मान खाली घालून आत गेले.

घरगाडी पुढे एका फिरत्या चष्मेवाल्याने घेतली. त्याने सगळ्यात आधी गज कापून टाकले. यांनी तिजोऱ्या बनवणं चालू ठेवलं, पण नवीन गिऱ्हाइकाशी बोलायला कारागिराला पुढे करू लागले. यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी मुलीकडे राहते. थंडीत छाती अजून घरघरते. वन्सं शेवटपर्यंत चित्रं काढत होत्या. गेल्या वर्षी त्याही गेल्या.

त्या प्रसंगानंतर तीन वर्षांनी त्या दुसऱ्या मंडळींबरोबर सरोवरावर जाऊन आल्या. परतल्यावर स्वयंपाकघरात बसून मला सगळं सांगत होत्या, अगदी हळू, बाहेर दादाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण यांनी ऐकलं. दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता पाण्याचा तांब्या उचलतील आणि निघून जातील. यांनी स्टूल ओढलं, बहिणीसमोर बसले आणि खाली बघतच विचारलं, "पिल्लं होती का गं?"

"होती ना, दादा! ढिगाने!"

"गुलाबी?"

"छे! राखाडी. मळक्या बोळ्यासारखी."

आणि मग जेवणं गार होईपर्यंत त्या सांगत राहिल्या.