शिशाची पलटण

"हलू नका! तुमच्या पायाखाली माणूस आहे…"

बेबीनंदाचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. परतीच्या पावसानं नवीन जालन्याचा सगळा रस्ता झोडपून काढला होता, समोरचं स्टेशनसुद्धा दिसत नव्हतं. बियाणं कंपनीतलं टायपिंगचं काम आटोपून ती धावत एका पत्र्याच्या छपराखाली शिरली होती. आणि तिच्या पायाशी एक तरुण गुडघे टेकून, सांडलेल्या डब्यातून पडलेलं काहीतरी वेचत होता.

तिनं वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढा शिशाचा शिपाई. अंगात लाल डगला, खांद्याला बंदूक.

"मेला का?" तिनं विचारलं.

"नाही. संगीन वाकली फक्त," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "दवाखान्यात न्यावं लागेल."

ती खुदकन हसली. आणि स्वतःचं हसू ऐकून स्वतःच दचकली… किती दिवसांनी!

त्याचं नाव भालचंद्र. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो यंत्रांचे नकाशे काढायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा त्याच छपराखाली उभा. तिसऱ्या दिवशीही.

"आज तर आभाळ कोरडं ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"आभाळाचं काय घेऊन बसलात? छप्पर तर तेच आहे!"

असं करता करता एका रविवारी ती त्याच्या घरी गेली. त्याची आई, उषाबाई, दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिनं बेबीनंदाच्या मोकळ्या कपाळाकडे एकदा पाहिलं, मग चहा टाकायला उठली. आतल्या खोलीत भलंमोठं टेबल. त्यावर भुशाच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी आणि समोरासमोर उभ्या दोन फौजा. कोण किती सरकणार, कोण मरणार, ते फाशांवर ठरायचं. नियमांचं इंग्रजी पुस्तक त्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. गोऱ्यांनी आफ्रिकेत, वायव्य सरहद्दीवर केलेल्या लढायांचा खेळ होता तो.

"या पुस्तकात गोरा सहसा पळत नाही," भालचंद्र सांगू लागला, "आणि काळा माणूस दोन फाशांत पळतो."

"असं कोण म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं. म्हणून तर मी ते असईच्या लढाईसाठी नव्यानं लिहितोय. आपल्याच जिल्ह्यातली असई! इंग्रजांपुढं शिंद्यांचे गोलंदाज तिथं तोफा सोडून हलले नाहीत, जागच्या जागी मेले. त्यांना पळवणारा नियम मी कसा ठेवू, सांगा ना?"

बोलताना त्याचे डोळे चमकत होते. ती फौजांकडे बघत होती म्हणावं, तर तसं नव्हतं…

फासा पडला. त्यानं एक शिपाई उचलून डब्यात टाकला. तिचा चेहरा उतरला.

"मेलेला डब्यात जातो?"

"हो."

"अन् जखमी?"

"जखमी गोरा असेल तर दोघांनी उचलायचा. त्याला मागं टाकायचं नाही, मग तुकडी हळू चालली तरी बेहत्तर. बाकीच्यांसाठी तसा नियमच नाही. ते सरळ डब्यात."

तिनं डब्यातला शिपाई उचलून तळहातावर घेतला.

"माझे मालक फौजेत होते."

"मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मंग विचारलं कामून न्हाई?"

"तुम्ही सांगाल… म्हणून थांबलो होतो."

मग तिनं सांगितलं. वाटूरचा भुजंग. लग्नानंतर दोनच सुट्ट्या मिळाल्या. सत्त्याऐंशीच्या दिवाळीच्या तोंडावर तो श्रीलंकेत गेला तो गेलाच. घरी पेटी आली, ती उघडू दिली नाही. तारेत 'वीरमरण' एवढाच शब्द होता.

"तुमच्या या पुस्तकात श्रीलंका बसंल का?" तिनं विचारलं.

"नको, बेबीनंदा."

"मला रडायचं न्हाई. मला बघायचंय. एवढ्याशा शब्दात माणूस कसा मरतो, तेवढं बघायचंय."

भालचंद्र नाही नाही म्हणत राहिला, आणि शेवटी तयार झाला. खराट्याच्या काड्यांची ताडाची झाडं झाली. लाल डगले खरवडून हिरवे रंगवले. झाडीत लपलेला शत्रू, अरुंद रस्त्यानं चाललेली तुकडी… गोऱ्यांनी जंगलातल्या लढायांसाठी लिहिलेले नियम इथं भयंकर नेमके बसत होते. एक मात्र त्यानं बदललं.

"उचलून नेण्याचा मान पुस्तकात फक्त गोऱ्यांना होता. तो मी आपल्या पोरांना दिला."

त्याच्या बोटांना हिरवा रंग लागला होता. तिनं पदराच्या टोकानं तो पुसला. एक बोट… दुसरं… तिसरं. रंग कधीच निघाला होता, तरी हात सुटेना. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तशी दोघंही बाजूला झाली.

पुढच्या रविवारी ती रामकिसनला घेऊन आली. रामकिसन भुजंगच्याच तुकडीतला, गावही एकच. पाय अधू होऊन परत आला होता आणि वाटूर फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवत होता. बेबीनंदानं कितीदा तरी विचारलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं, "गोळी लागली, जागेवर गेला. तरास झाला न्हाई, वहिनी."

टेबलासमोर येताच तो थिजला. मग खुर्चीचा आधार घेऊन वाकला आणि रस्ता बोटानं थोडा वळवला.

"हितं वळण व्हतं. घर व्हतं, पांढरं. त्याच्यातून गोळ्या आल्या."

त्यानं एकेक शिपाई आडवा केला. भालचंद्रनं फासे मुठीत धरले होते, ते टाकायची गरजच पडली नाही.

"ह्यो भुजंग. पोटात लागली त्याला."

भालचंद्रनं नियमाप्रमाणे दोन शिपाई त्याच्याजवळ सरकवले. रामकिसननं ते मागे ओढले.

"न्हाई."

"पण जखमीला दोघांनी…"

"सायेब, ह्यो नियम लबाड हाय!" रामकिसनचा आवाज फाटला. "आम्ही ठिवून आल्तो त्याला. जिता व्हता. माझं नाव घिऊन हाका मारू राह्यला व्हता. माझा पाय गेल्ता, पर रांगत रांगत मी मागं आलो… पुढं न्हाई गेलो. सकाळी आनला त्याला. तवा थंड व्हता."

बेबीनंदा त्या आडव्या हिरव्या शिपायाकडे बघत होती. रात्रभर. म्हणजे रात्रभर तो एकटा पडला होता, आणि त्या रात्री ती वाटूरच्या घरी दिवाळीच्या करंज्या लाटत होती.

"बेबीनंदा…" भालचंद्र पुढे झाला.

"हात लावू नका मला," ती म्हणाली, आणि चालू पडली.

तिनं कंपनीत रजा टाकली आणि वाटूर गाठलं. जेवण सुटलं, झोप उडाली. सासू झुंबरबाई सगळं बघत होती. भिंतीवरच्या फोटोला म्हातारी रोज हार घालायची. तिला कसं सांगावं? लेक झटकन गेला, या एका गोष्टीवर तर ती उभी होती.

एका दुपारी कापूस वेचताना झुंबरबाईनंच ओटी खाली सोडली आणि बांधावर बसली.

"रामकिसननं सांगितलं ना तुला?"

बेबीनंदाच्या हातातलं बोंड गळून पडलं.

"मला पयल्याच आठवड्यात सांगून गेल्ता. पायावर डोकं ठिवून रडला. मीच म्हनले, माझ्या सुनंला कळू द्यायचं न्हाई. ती लहान हाय."

"आत्याबाई… तुम्ही एकट्याच? एवढे दिवस?"

"मंग काय करते? हाका तर रोजच आयकू येत्यात." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "आज तू बी आयकू लागली. लई वंगाळ झालं."

दोघी बांधावर एकमेकींना धरून रडल्या. पोटभर. बऱ्याच वेळानं झुंबरबाईनं विचारलं, "त्यो जालन्याचा पोरगा कोन हाय?"

"कुणी न्हाई."

"खोटं बोलू नको. दोनदा फाट्यावर यिऊन गेला. रामकिसनच्या दुकानात बसतो, वाटंकडं बघतो, परत जातो. माझं पोटचं पोर गेलं, तरी मी त्याच्यासंगं न्हाई गेले, बेबी. जेवले, झोपले, कापूस येचला. मंग तू कामून जाऊन राह्यली त्याच्यामागं?"

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा जालन्याच्या एसटीत बसली.

मिलची पाळी सुटत होती. गेटमधून सायकली, टेम्पो, लोखंडाच्या धुरानं काळवंडलेली माणसं बाहेर पडत होती. भालचंद्र तिला पाहून थबकला. किती वाळला होता! मागचा सायकलवाला त्याच्यावर ओरडला, तरी तो तिथंच उभा.

"टेबल मोडलं मी," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्या दुःखाचा मी खेळ केला. मला माफ…"

"खेळ तुम्ही न्हाई केला. मीच मागितलं व्हतं." ती थांबली. "असईचं तरी पुरं करा. अर्धं टाकू नका."

"आणि तुम्ही? तुम्ही याल?"

तिनं मान खाली घातली. गेटची गर्दी पांगत चालली होती.

"मी आले तर… अशीच येईन. रात्री दचकून उठते मी. त्यांचं नाव घेऊन उठते. लग्न झालं तरी ते जाणार न्हाई. आधी सांगितलेलं बरं."

लग्न हा शब्द तिच्याच तोंडून निघून गेला होता. ते लक्षात येताच तिचे कान तापले. तो हसला नाही. विचारात पडला. मग अगदी साधेपणानं त्यानं विचारलं,

"उठलात की दिवा लावू? की अंधारच असू देऊ… तुम्हाला कसं बरं वाटेल?"

तिनं मान वर केली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, तरी तिनं नीट विचार करून उत्तर दिलं.

"लावा," ती म्हणाली.