बाई, ओळखलंत का?

त्या काळी माणसाच्या डोक्याला देवडी असे. कानामागे चाचपून बघू नका, तुमच्याकडे ती नाही. तुम्ही जरा लवकर जन्मलात. म्हातारपणी विसर पडू लागला की कानामागे तांदळाएवढी स्मरणचकती बसवत. चकतीबरोबर तिच्यात घुसणाऱ्या जाहिराती आणि भामटेही आले. म्हणून तिच्या दाराशी पहारा बसवला, ती देवडी. हरेक आवाजाने तिथे थांबायचं, आपण कोण ते पटवायचं, मग आत.

चोपड्याच्या मृण्मयीबाई बऱ्हाटे सदतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या वाढदिवसाला निनादरावांनी, म्हणजे नवऱ्याने, हौसेने सगळ्या माजी विद्यार्थ्यांना कळवलं: बाईंच्या चकतीवर दोन शब्द बोला. नऊ हजार जण बोलले. दुपारपासून बाई भिंतीकडे बघत बसल्या. हाक मारली, हलवलं, काही नाही. घास तोंडाशी नेला तरी ओठ मिटलेले.

तिसऱ्या दिवशी देवडी दुरुस्त करणारी द्वारका आली.

"कुणी फोडली का गं?"

"फोडली नाही आजोबा, तुंबवलीय. आत कुणी शिरलं नाही. दारातच एवढी गर्दी, की घरच्या माणसाला वाट नाही."

"अगं, सगळी चांगली मुलं आहेत!"

"चांगल्यांनीच केलंय. देवडीत एक वही असते. कुणी आलं की त्याच्या नावाची ओळ उघडायची, ओळख पटली की मिटायची. ओळी चार हजार. आता ऐका."

तिने आवाज लावले. 'बाई, ओळखलंत का?' 'बाई, ओळखा पाहू!' तिसरी नुसतीच खुदकन हसली.

"नाव कुठंय?" द्वारकाने विचारलं.

"माजी विद्यार्थी आधी नाव सांगतो होय? मग गंमत काय राहिली?"

"ती गंमत नऊ हजार वेळा झाली. ओळी उघड्याच राहिल्या, वही भरली. तुमची हाक टिपायला जागा नाही."

"मग सोडून द्यावं ना त्यांना!"

"इतरांची देवडी देते, तीन सेकंदांत. पण ती मालकाच्या स्वभावावरून शिकते. बाई कधी कुणाला 'नाही ओळखलं' म्हणाल्यात?"

निनादरावांना बाजारातल्या भेटी आठवल्या. भर उन्हात, पिशवी या हातातून त्या हातात घेत, बाई म्हणायच्या, "थांब हं, सांगू नकोस!"

"तीन सेकंदांची मुदत घालू? आत्ता मोकळ्या होतील," द्वारका म्हणाली. "पण ती सगळ्यांनाच लागू होईल; तीन सेकंद जो गप्प, तो बाहेर. स्वभावात मुरेल, पुन्हा काढता येणार नाही."

बाईंच्या पोटात तीन दिवस अन्न नव्हतं.

"घाल," निनादराव म्हणाले.

बाई वळल्या. "निनाद, किती वाळलास रे!" म्हातारा ढसाढसा रडला.

आठवड्याने एक पिकल्या केसांचा विद्यार्थी दारात येऊन तेच विचारता झाला. बाईंनी बघितलं. "नाही," म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या. त्याला थट्टा वाटली.

संध्याकाळी निनादराव वांग्याच्या भरताची कुठलीशी जुनी गोष्ट सांगत होते. "तो आपला, तो… काय त्याचं नाव…" नाव आठवायला वेळ लागला. आठवल्यावर मान वर केली, तर बाई अदबीने विचारत होत्या, "आपण कोण? कुणाकडे आलात?"

तेव्हापासून निनादराव अखंड बोलतात. चहा गाळताना, कपडे वाळत घालताना, बाईंना झोप लागेपर्यंत. घोटही घाईने गिळतात. परवा जेवताना जोराचा ठसका लागला. पाणी प्याले, डोळे पुसले, आधी आपलं नाव सांगितलं, मग नातं सांगितलं, आणि भरताची गोष्ट पुढे चालू केली.