गेलेल्या माणसाचे पेपर

“मेलेला माणूस लिहितो का हो?”

दारात उभ्या बाईंनी असं विचारलं आणि भावजींचा चहा बशीत सांडला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, “आधी आत तर या.”

वहिनी खासगी तपास करत. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासोबत हिंडत. जिभेने चलाख, डोक्याने जरा सावकाश.

बाईंचे यजमान गणिताचे प्रोफेसर. तीन वर्षांपूर्वी डोंगर चढायला गेले ते गेलेच. देहसुद्धा सापडला नाही.

“सगळे म्हणतात, गेले. मग हे काय?” बाईंनी फोन पुढे केला. इंटरनेटवर प्रोफेसरांच्या नावाचं पान होतं. त्यावर त्यांचे छापून आलेले संशोधनाचे पेपर, आणि इतर संशोधकांनी त्या पेपरांचे दिलेले हवाले, म्हणजे सायटेशन. आकडा अजून वाढत होता. ते गेल्यानंतरचे पेपर चार.

“मी आशा सोडून अंथरूण धरलं, की नवा पेपर येतो. जणू त्यांना कुठून तरी दिसतं सगळं. दाराला कडी लावायचा धीर होत नाही मला. एवढंच सांगा, ते आहेत की नाहीत?”

भावजींच्या अंगावर काटा आला. वहिनींनी चारही पेपर मागून घेतले.

विद्यापीठात विभागप्रमुखांनी प्रोफेसरांची बंद खोली लांबूनच दाखवली. “फळ्यावर त्याचं अक्षर अजून आहे. पुसायला कुणी धजत नाही.”

“हे पेपर तुमचे?”

“छे हो! गणित बरोबर आहे, पण नवं काही नाही. आणि त्याच्यासोबत लिहिण्यात मला काय मिळणार? आमच्या गणितात लहान-मोठं नाही, नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात. त्याचं आडनाव असं, की तो कायम पहिला. मी जन्मभर त्याच्या मागे!”

“सोबतची नावं कुणाची?”

“पहिल्या पेपरातली ओळखीची आहेत. बाकीची देव जाणे, कधी ऐकलीसुद्धा नाहीत.”

प्रोफेसरांचा जुना विद्यार्थी तिथेच गणित शिकवत होता. पेपर प्रोफेसरांच्याच ईमेलवरून गेले होते; त्याच्या पासवर्डचं विचारताच तो हसला. “सर इतके विसराळू, की फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे. घरी फ्रिजवर चिकटवलेला! आणि मी लिहिले असते, तर माझं नाव सोडलं असतं? पक्की नोकरी शोधतोय मी.”

बाईंची लेक आईजवळच राहायची आणि औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या भिंतीवर एका पेपराचं पोस्टर होतं. भावजींना राहवलं नाही. “अरेरे, तुमच्या मोठ्या साहेबांचं नाव अगदी शेपटाला?”

“काका, आमच्यात शेवटची जागाच मानाची. राबणारा पहिला, थोर माणूस शेवटी.”

वहिनींनी बाबांचं विचारलं, तसं तिचं हसू विझलं. “आई त्या पानावर जगतेय. त्याला हात लावू नका, प्लीज.”

रस्त्यावर येताच भावजी कुजबुजले, “वहिनी, भूतबीत नाही ना?”

“प्रोफेसरांच्या भुताला आपली जागा तरी ठाऊक असती, भावजी. चला, त्यांच्या घरी जाऊ.”

मायलेकी समोर बसल्यावर वहिनी म्हणाल्या, “पहिला पेपर प्रोफेसरांचाच. हयातीत पाठवलेला, उशिरा छापलेला. त्यात त्यांचं नाव पहिलं आहे. पुढच्या तिन्हीत मात्र शेवटी. गणितवाला असं कधीच करणार नाही. थोर माणसाला शेवटी बसवायची रीत प्रयोगशाळेतली. पासवर्ड घरातही होता. आणि बाईंनी आशा कधी सोडली, हे बाहेरच्याला कसं कळावं?”

लेक खाली बघत होती. “पहिला पेपर आला त्या दिवशी तू पोटभर जेवलीस, आई. मग पुन्हा अंथरूण धरलंस. मी काय करणार होते? बाबांचं गणित लहानपणापासून ऐकलेलं. त्यांच्या जुन्या वह्यांतलं उतरवून त्यांच्याच ईमेलवरून पाठवलं. सोबतची नावं मनाने घातली.”

“म्हणजे ते...”

“नाहीत गं. बाबा गेले.”

बाईंनी हात उगारला. “वेडी ठरवलंस मला! तीन वर्षं!” पण हात तसाच राहिला. लेकीचे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे त्यांना आजच दिसलं.

“अगं, तुझाही बाप गेला होता,” त्या पुटपुटल्या. “तू कधी रडलीस?”

“वेळच कुठे होता?”

बाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं. “गेले गं तुझे बाबा,” म्हणत त्या मोठ्याने रडू लागल्या. लेकीने आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि लहान मुलीसारखा हंबरडा फोडला.